एका चार्जमध्ये किती सातबारे?

फोनच्या डब्यावर लिहिलेलं असतं: इतके तास व्हिडिओ, इतके तास बोलणं, इतके दिवस स्टँडबाय. आमच्या क्षेत्रातल्या शोधनिबंधांतही साधारण अशीच वाक्यं असतात, फक्त भाषा जरा जड असते: अमुक कामाला लागणारी ऊर्जा तमुक टक्क्यांनी घटली. दोन्ही ठिकाणी आकडे खरे असतात. तरीही यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या बोरी अरबच्या शिवारात उभं राहून फोन वापरणाऱ्या माणसाला त्या आकड्यांतून काही कळत नाही.

मी कमी विजेवर चालणाऱ्या मोबाइल सॉफ्टवेअरवर पीएचडी करते आहे. घरचे लोक त्याचा अर्थ आपापल्या परीनं लावतात. काकांनी मागे सरळच विचारलं होतं, "पोरी, तू तं याच्यावरच शिकून राह्यली ना? मंग माह्या मोबाईलची बॅटरी दुपारीच काहून उतरते?" या प्रश्नाला सरळ उत्तर द्यायचं, तर आमच्या क्षेत्रातल्या नावाजलेल्या कामांकडे थोडं चिकित्सक नजरेनं बघावं लागतं. आज तेच करू या. चिपवाल्यांनी काय कमावलं, मोजणाऱ्यांनी काय दाखवलं आणि यात शेतातला फोन कुठे निसटला, हे क्रमानं पाहू.

चिपनं खरंच कमाल केली

आधी श्रेय द्यायचं ते देऊ. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी रचलेली पहिली आर्म चिप २६ एप्रिल १९८५ रोजी हातात आली आणि चालली. तिचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. वीज किती लागते हे बघायला मीटर लावला, तर आकडा शून्य. मग लक्षात आलं की चिपला मुख्य वीजपुरवठा जोडलेलाच नव्हता! बाकीच्या तारांमधून जी थोडीफार वीज आत झिरपत होती, तेवढ्यावर ती चालत होती. आज आपल्या बहुतेक सगळ्यांच्या खिशात त्याच घराण्याची चिप आहे.

दुसरं मोठं काम १९९२ चं. बर्कलेच्या अनंत चंद्रकासन, सॅम्युएल शेंग आणि रॉबर्ट ब्रॉडरसन यांनी कमी विजेच्या सर्किटवर एक शोधनिबंध लिहिला. चिपच्या आतली कळ उघडझाप करताना जी वीज खर्च होते, ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे व्होल्टेज अर्धं केलं की खर्च पाव होतो. अडचण अशी की व्होल्टेज कमी केलं की चिप मंदावते. त्यांचा तोडगा आपल्याला शेतातला म्हणून सहज समजेल. एकाच गड्यानं धावत-पळत दोन ओळी निंदण्यापेक्षा दोन गड्यांनी सावकाश एकेक ओळ धरायची. काम तेवढ्याच वेळात होतं, पण दम कमी लागतो. त्यांच्या उदाहरणात ५ व्होल्टवर चालणारं सर्किट दुप्पट करून २.९ व्होल्टवर चालवलं, आणि तेवढ्याच कामाला लागणारी वीज आधीच्या ३६ टक्क्यांवर आली. जागा जास्त लागली, वीज वाचली. आजच्या फोनमध्ये एक सोडून सहा-आठ कोर का असतात, त्याचं एक मूळ इथे आहे. पुढे २०११ मध्ये आर्मनं मोठा आणि छोटा कोर एकत्र बसवण्याची रचना जाहीर केली. जड काम मोठ्याकडे, किरकोळ काम छोट्याकडे.

आता यातली मेख बघा. १९९२ च्या त्या मांडणीत काम ठरलेलं आहे: आवाज, चित्र, सिग्नल, दर सेकंदाला अमुक इतकं. तेवढं काम कमीत कमी विजेत करून द्यायचं, हा प्रश्न. प्रश्न नीट मांडलेला होता म्हणून उत्तरही भक्कम आलं. पण आमचं पुढचं कितीतरी संशोधन तोच प्रश्न गृहीत धरून चाललं: काम ठरलेलं आहे, ते गणिताचं आहे, आणि ते चिपमध्ये घडतं. शेतात उभ्या माणसाच्या फोनचं मुख्य काम गणित करणं नसतंच. तो वाट बघत असतो. टॉवरची वाट, उपग्रहाची वाट, सर्व्हरच्या उत्तराची वाट. आणि वाट बघताना पडदा चालू असतो, रेडिओ चालू असतो.

मोजणाऱ्यांनी वेगळंच चित्र दाखवलं होतं

हे कोणी सांगितलंच नव्हतं, असं नाही. २०१० मध्ये एरन कॅरोल आणि गेर्नोट हायझर यांनी एका फोनच्या आतल्या एकेका भागाला किती वीज लागते ते वेगवेगळं मोजलं. त्यासाठी त्यांनी ओपनमोको कंपनीचा फ्रीरनर हा फोन घेतला, कारण त्याचे सर्किट आराखडे सर्वांना खुले होते. निष्कर्ष असा की सर्वाधिक वीज जाते ती पडद्याला आणि जीएसएम रेडिओला. फक्त पडद्यामागचा दिवा सर्वांत मंद असताना सुमारे ८ मिलिवॅट घेत होता आणि सर्वांत प्रखर असताना ४१४. एकाच भागात पन्नासपट फरक, आणि तो फरक कशानं पडतो? बाहेर ऊन किती आहे त्यानं.

त्याआधी २००९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या निरंजन बालसुब्रमणियन, अरुणा बालसुब्रमणियन आणि अरुण वेंकटरमणी यांनी थ्रीजीचं एक दुखणं उघड केलं होतं. फोननं एक छोटी फाइल उतरवून घेतली की रेडिओ लगेच झोपत नाही. अजून काही येईल म्हणून काही सेकंद जागाच राहतो. पाहुणे गेल्यावरही ओसरीवरचा दिवा तसाच जळत ठेवावा, तसं. एका नेहमीच्या डाउनलोडला लागणाऱ्या ऊर्जेपैकी जवळपास ६० टक्के ऊर्जा या शेपटीत जाते, असं त्यांनी दाखवलं. मग १०० केबीची एक फाइल आणि १० केबीच्या दहा फायली यांत बॅटरीच्या दृष्टीनं केवढा फरक पडतो, हे तुम्हीच ताडा. फोरजीमध्ये ही शेपूट सावरायच्या नव्या युक्त्या आल्या, पण शेपूट गेली नाही.

२०१२ मध्ये अभिनव पाठक, चार्ली हू आणि मिंग झांग यांनी अ‍ॅपच्या आत शिरून हिशेब मांडला. त्यांनी तपासलेल्या फुकट अ‍ॅपमध्ये ६५ ते ७५ टक्के ऊर्जा बाहेरून जोडलेल्या जाहिरातीच्या भागांवर जात होती. म्हणजे चिपवाल्यांनी गाळलेला घाम सॉफ्टवेअरवाल्यांनी जाहिरातवाल्यांना वाटून टाकला.

आणि २०१३ मधलं एक काम मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ३,७८५ फोनवर किमान महिनाभर गोळा केलेल्या नोंदी तपासून त्या गटानं दाखवलं की कमजोर सिग्नल ही क्वचितची अडचण नाही, ती लोकांच्या रोजच्या वापराचा भाग आहे. आणि सिग्नल कमजोर असला की तेवढाच डेटा पाठवायला जास्त ऊर्जा लागते. कारण समजायला सोपं आहे. टॉवर लांब असला की फोनला ओरडून बोलावं लागतं. फोरजी फोनची कमाल प्रक्षेपण शक्ती साधारण २०० मिलिवॅट असते, पण ती अँटेनातून बाहेर पडणारी. ती तयार करताना अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बरीच वीज उष्णता होऊन जाते, त्यामुळे बॅटरीतून त्याच्या कितीतरी पट उपसा होतो. वर वेग कमी मिळतो, म्हणून ओरडणंही जास्त वेळ चालतं. जास्त शक्ती गुणिले जास्त वेळ: दोन्हीकडून मार.

काकांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे. फोन खिशात असतानाही एका दांडीवर टॉवर शोधत असतो.

मग माझी तक्रार काय?

ही सगळी कामं मी मानते, शिकवते, माझ्या प्रबंधात वापरते. तक्रार त्यांच्यावर नाही, आम्ही त्यांचं पुढे काय केलं यावर आहे. मोजणाऱ्यांनी सांगितलं की ऊर्जा पडद्यात, रेडिओत आणि वाट बघण्यात जाते आणि ती जागेवर अवलंबून असते. आम्ही ते उद्‌धृत केलं, मान डोलावली, आणि पुन्हा प्रयोगशाळेत जाऊन फोन टेबलावर ठेवून मोजायला बसलो. भरलेली बॅटरी, एसीची खोली, शेजारी वाय-फाय, पडद्याचा उजेड ठरवून मध्यम.

डार्क मोडचं उदाहरण घ्या. २०२१ मध्ये पर्ड्यू विद्यापीठाच्या प्रणब दाश आणि चार्ली हू यांनी फार नेटकं काम केलं. घरात आपण जसा ३० ते ५० टक्के उजेड ठेवतो, तेव्हा डार्क मोडनं सरासरी ३ ते ९ टक्केच बॅटरी वाचते, आणि उजेड पूर्ण असेल तर ३९ ते ४७ टक्के. डार्क मोडचा गाजावाजा बराचसा फोल ठरवणारं हे काम प्रामाणिकच आहे. पण हे आकडे ओएलईडी पडद्याचे, ज्यात काळा ठिपका म्हणजे बंद ठिपका. स्वस्त फोनमध्ये पडदा एलसीडीचा असतो. तिथे मागचा दिवा सगळ्या पडद्याला सारखाच जळतो, समोर काळं असो की पांढरं. कॅरोल आणि हायझर यांच्या एलसीडी फोनमध्ये तर पांढऱ्या पडद्याला ३३ मिलिवॅट लागले आणि काळ्याला ७४! म्हणजे पूर्ण उजेड ज्याला उन्हामुळे ठेवावाच लागतो, त्याच्याकडे डार्क मोडचा फायदा देणारा पडदा नाही. आणि ज्याच्याकडे तो पडदा आहे, तो बहुतेक वेळ सावलीत. निष्कर्ष बरोबर, पण तो ज्याच्या गरजेचा, त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: कमी विजेच्या संशोधनाचं माप चुकीच्या जागी लावलं जातंय. एका गणिताला किती ज्यूल, यापेक्षा एका चार्जमध्ये माणसाची किती कामं पुरी झाली, ते जिथे तो उभा आहे तिथे मोजायला हवं.

कामाचं उदाहरण: ई-पीक पाहणी

असं काम कोणतं? आपल्याकडे त्याचं उत्तर तयार आहे. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. आधी तलाठी पेरा लिहायचा. आता शेतकऱ्यानं स्वतः आपल्या फोनवरून पीक नोंदवायचं, शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, सोबत त्या जागेचे अक्षांश-रेखांश जातात. ही नोंद सातबाऱ्यावर येते. ती नसली तर हमीभावानं सोयाबीन-तूर विकताना, पीकविम्यात, अतिवृष्टीच्या भरपाईत माणूस अडकतो. ठरलेल्या मुदतीत ती करावी लागते, आणि ती मुदत वाढवण्याची वेळही आलेली आहे.

यवतमाळसारख्या कापूस-सोयाबीन-तुरीच्या जिल्ह्यात हे काम कधी येतं? खरिपाचं ऐन ऑगस्ट-सप्टेंबरात, चिखल तुडवत. उन्हाळी पिकाचं एप्रिल-मेच्या उन्हात. फोन कोणाचा? बऱ्याचदा घरातल्या एकाचा, तोही तीन-चार वर्षं वापरलेला. आणि एका फोनवरून अनेक खातेदारांच्या नोंदी करता येतात, त्यामुळे ज्याच्याकडे बरा फोन आणि थोडी सवय, तो पोरगा अर्ध्या आळीच्या नोंदी करून देतो. शिवाय राहिलेल्या नोंदींसाठी गावात सहायक असतात; त्यांच्यासाठी तर फोन हाच बैल आणि फोन हाच नांगर.

या कामाची ऊर्जेची बाजू बघा. पडदा पूर्ण उजेडावर, नाहीतर उन्हात अक्षर दिसत नाही. जीपीएस चालू, कॅमेरा चालू, डेटा चालू, सिग्नल एक दांडी. बॅटरीचे सगळे मोठे खादाड एकाच वेळी पंगतीला.

त्यातही एक गंमत आहे, जी बहुतेकांना माहीत नसते. जीपीएसला नेट लागत नाही, हे खरं. उपग्रहाचा सिग्नल थेट येतो. पण तो उपग्रह नेमका कुठे आहे याची माहिती फोनला आधी लागते, आणि उपग्रह ती माहिती सेकंदाला ५० बिट इतक्या संथ गतीनं पाठवतो. एक पूर्ण चौकट यायला ३० सेकंद. मध्येच सिग्नल तुटला की ती पुन्हा पकडावी लागते. फोन एरवी ही माहिती नेटवरून क्षणात उचलतो, म्हणून आपल्याला जीपीएस झटपट वाटतं. टॉवर नसला की फोन पुन्हा उपग्रहाच्या कीर्तनाला बसतो, आणि तोवर पडदा जळतच असतो. एका खादाडाची उपासमार दुसऱ्याची भूक वाढवते.

ढोबळ हिशेब

आता आपण एक हिशेब करू. यातले वॅटचे आकडे मी गृहीत धरलेले आहेत, स्वस्त फोनसाठी साधारण पटतील असे. तुम्ही तुमचे टाकून बघा.

फोनची बॅटरी मुळात ४००० एमएएच, जुनी होऊन ३००० उरलेली. म्हणजे साधारण ११.५ वॅट-तास. रात्री लाईन गेली होती म्हणून सकाळी निघताना ६० टक्केच चार्ज. हातात आले ६.९ वॅट-तास.

शेतात पडदा १.२ वॅट, रेडिओ १.२, चिप आणि मेमरी मिळून ०.६, जीपीएस ०.१. बेरीज ३.१ वॅट. कॅमेरा एक मिनिटभर, वर १.३ वॅट. एक नोंद पुरी व्हायला, फॉर्म भरणं, जागा पकडणं, फोटो, नेट अडकून पुन्हा प्रयत्न, सगळं धरून १२ मिनिटं. एका नोंदीला साधारण ०.६४ वॅट-तास. म्हणजे त्या चार्जमध्ये १० नोंदी.

आता समजा आमच्यापैकी कोणीतरी चार-पाच वर्षं घासून चिप आणि मेमरीची वीज ३० टक्क्यांनी कमी केली. हा मोठा पराक्रम आहे, त्यावर चांगल्या परिषदेत निबंध होतो. नोंदी किती झाल्या? ११. एक वाढली.

आणि समजा चिपला हातच लावला नाही, फक्त कामाचा क्रम बदलला. खातेदार, गट नंबर, गटाची जागा हे सगळं आदल्या रात्री गावातच, चार्जिंगला लावलेल्या फोनवर उतरवून घ्यायचं. पीक, क्षेत्र घरीच भरून ठेवायचं. शेतात फक्त जागा पकडायची, ती गटाच्या जागेशी फोनमध्येच ताडून बघायची, आणि फोटो काढायचा. रेडिओ बंद. तीन मिनिटांत काम. अपलोड रात्री घरी, पुन्हा चार्जिंगला असताना. एका नोंदीला साधारण ०.१२ वॅट-तास. त्याच बॅटरीत पन्नासच्या वर नोंदी.

यासाठी लागणारी साधनं नवी नाहीत. अ‍ॅन्ड्रॉइडनं २०१४ मध्ये, पाचव्या आवृत्तीतच, प्रोग्रामरला अशी सोय दिली की अमुक काम फोन चार्जिंगला असेल तेव्हाच कर, चांगलं नेटवर्क असेल तेव्हाच कर. त्याहून पुढचं कामही आहे. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या जिए लिऊ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की जीपीएसचा सिग्नल काही मिलिसेकंद नुसता टिपून ठेवता येतो आणि जागा कुठली याचं गणित नंतर, सवडीनं, दुसऱ्या संगणकावर करता येतं. शेतात मात्र त्याला मर्यादा आहे. आपण बांधाच्या पलीकडे उभे होतो हे रात्री कळून उपयोग नाही. पुन्हा शेतात यावं लागेल. म्हणून मी गटाची जागा आधीच फोनमध्ये ठेवायचं म्हणते. पण यातला विचार तोच आहे: शेतात तेवढंच करायचं, जे शेताशिवाय होत नाही.

इथे एक स्पष्ट करते. ही एका अ‍ॅपवरची टीका नाही. अ‍ॅपच्या आवृत्त्या बदलतात, सुधारतात. टीका आमच्या मापावर आहे. 'एका चार्जमध्ये किती नोंदी' हे माप कोणी पहिल्या दिवशी टेबलावर ठेवलं असतं, तर रचनेचा क्रम आपोआप त्या दिशेनं वळला असता. आपण जे मोजतो, तेच सुधारतं.

आक्षेप येतील

पहिला आक्षेप: पॉवर बँक घ्या ना! घ्याच. पण ज्याला दुसरी बॅटरी खिशात घालून फिरावं लागतं, त्याला आमचं संशोधन मदत करू शकलं नाही, असाच त्याचा अर्थ होतो. वर आणखी एक वजन, एक केबल आणि रात्री चार्ज करायची आणखी एक वस्तू.

दुसरा: नव्या फोनला ५००० एमएएच बॅटरी असते, प्रश्न आपोआप सुटेल. बॅटऱ्या मोठ्या झाल्या हे खरं, पण पडदेही मोठे आणि प्रखर झाले, अ‍ॅप जड झाली. शिवाय लिथियम बॅटरी काहीशे वेळा चार्ज झाली की क्षमता उतरत जाते, आणि उष्णतेत लवकर उतरते. गावातला फोन हा बहुतेकदा शहरातल्या फोनचं दुसरं आयुष्य जगत असतो.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो, कारण तो माझ्याच बिरादरीतला आहे: शेतातली मोजणी पुन्हा जशीच्या तशी करता येत नाही. आज ढग, उद्या ऊन. आज टॉवरवर गर्दी, उद्या नाही. विज्ञानाला तर एकच प्रयोग दहा वेळा करून तेच उत्तर यायला हवं. मुद्दा योग्य आहे, पण त्यावर उपाय आहे. शेतात नोंदवायचं ते फक्त हवामान, म्हणजे फोनच्या दृष्टीचं हवामान: दर सेकंदाला सिग्नल किती, उजेड किती, तापमान किती. मग प्रयोगशाळेत तेच पुन्हा उभं करायचं. सिग्नल हवा तसा कमी करायची उपकरणं असतात, दिवे असतात, गरम पेटी असते. एकदा टिपलेला बोरी अरबचा तो तास मग पुण्यात, मुंबईत किंवा कुठेही शंभर वेळा चालवता येतो. हे कष्टाचं आहे, अशक्य नाही. आम्ही ते फारसं करत नाही, कारण परीक्षक ते मागत नाहीत. व्हिडिओचे तास मागतात.

हे आधी कोणी केलंय का?

केलंय, आणि तेही एका साध्या फोननं. २००३ मध्ये आलेला नोकिया ११०० आठवतो का? बॅटरी फक्त ८५० एमएएच, वर टॉर्च, धूळ आत जाऊ नये असा रबरी कीपॅड, ओल्या हातातून निसटू नये अशा कडा. पंचवीस कोटींहून जास्त विकला गेला. त्यातली चिप काही जगावेगळी नव्हती. पण बनवणाऱ्यांनी फोन कुठे राहणार आहे हे आधी बघितलं होतं: जिथे वीज जाते, जिथे धूळ आहे, जिथे हात ओले आहेत. टॉर्च हा कमी विजेच्या रचनेचा भाग वाटत नाही, पण आहे. लाईन गेली की उजेडासाठी अख्खा पडदा पेटवावा लागत नाही.

आता तुमच्या उपयोगाचं थोडं. शेतात निघण्याआधी गावात, चांगल्या रेंजमध्ये, नकाशाचं अ‍ॅप उघडून एकदा जागा पकडून घ्या. उपग्रहांची ती माहिती साधारण चार तास चालते, त्यामुळे शेतात जीपीएस लवकर लागतं. फाइव्हजी नाही तिथे फोन फोरजीवर ठेवा, उगाच शोधत बसत नाही. जिथे टॉवर जवळजवळ नाहीच आणि फोन येण्याची वाट बघायची नाही, तिथे फ्लाइट मोड लावा. बहुतेक फोनमध्ये जीपीएस आणि कॅमेरा त्यातही चालतात. फोन शर्टाच्या खिशात उन्हाकडे तोंड करून ठेवू नका. आणि एलसीडी पडदा असेल तर डार्क मोडवर भरवसा ठेवू नका, डोळ्यांना बरं वाटतं म्हणून खुशाल लावा.

कोणाला माझ्या कामाला हातभार लावायचा असेल, तर पुढच्या वेळी नोंदीला जाताना कागदावर चार गोष्टी लिहून ठेवा: निघताना बॅटरी किती टक्के, परतताना किती, नोंदी किती झाल्या, आणि सिग्नल किती दांड्या होता. नाव-गाव नको, फोनचं मॉडेल पुरे. असे शंभर कागद जमले, तर एखाद्या परिषदेत उभं राहून मला म्हणता येईल की तुमचा तक्ता छान आहे, त्यात आता हाही एक रकाना घाला.